पर्च की स्टीलहेड? सकाळी वारा पाहून ठरवा

(ईरी सरोवर आणि क्लीव्हलंडजवळच्या नद्या, ऑक्टोबर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा. सामान भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी.)

‘शनिवारी काय लागेल?’ हे तारखेवरून सांगता येत नाही, वारा-पावसावरून येतं. पर्च आणि स्टीलहेड या दोन माशांपैकी पर्चला शांत सरोवर हवं, स्टीलहेडला पाऊस. ज्या पावसाने पर्चचा शनिवार बुडतो, तोच स्टीलहेडला नदीत ओढतो. त्यामुळे सामान दोन्हींचं न्या आणि काय गरवायचं ते निघताना ठरवा.

सरोवरावर: यलो पर्च

वारा दक्षिणेचा, मंद असेल तर सरोवर. उत्तरेचा जोर असेल तर नाद सोडा. ईरी उथळ आहे, क्लीव्हलंडसमोरही खोली साधारण ६० फुटांच्या आसपास. म्हणून लाटा लवकर उठतात आणि आखूड, उभ्या येतात. छोट्या होडीला ३ फुटांची लाटसुद्धा जास्त. धक्क्यावर पाणी चढत असेल तर तिथेही उभं राहू नका.

या दिवसांत होडीतून ३० ते ५० फूट खोलीवर शोधा. दोरी ६ ते ८ पौंडी, तळाला अर्धा ते एक औंस शिसं, वर ४ किंवा ६ नंबरच्या दोन गऱ्या, आमिषाला एमराल्ड शायनर (छोटा चंदेरी मासा). शिसं तळाला टेकवा, दोरी ताठ करा, मग फूटभर उचला. पर्च तळाशीच असतो. पाच फूट वर गरी ठेवून दिवसभर बसलात तरी हात हलवत परत याल.

चावा हलका येतो, ठुक-ठुक. दोनदा आमिष जाऊन गरी रिकामी आली तर शायनर मोठा आहे: लहान घ्या किंवा अर्धा कापून लावा. वीस मिनिटं काहीच नाही तर जागा बदला, थवा सरकलेला असतो. पर्च उजेडात खातो. अंधार पडल्यावर थांबण्यात अर्थ नाही. शायनर मरत असतील तर बहुधा बादलीत नळाचं क्लोरीनचं पाणी असतं, नाहीतर पाणी कोमट झालेलं असतं. हवेचा पंप चालू ठेवा.

खोलातून वर आलेल्या पर्चची हवेची पिशवी फुगते. परत सोडला तरी तो बरेचदा जगत नाही. मोठे मिळाले म्हणून आधीचे लहान फेकण्याची सवय आम्हाला पटत नाही.

नदीवर: स्टीलहेड

हा रेनबो ट्राउटच, सरोवरात वाढून नदीत परतणारा. पावसानंतर लगेच धावू नका. पाणी उतरून हिरवट व्हायला हवं: गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर बुटाचं टोक पुसट दिसलं की वेळ झाली. रॉकी आणि शॅग्रिन या नद्या बहुधा दोन-तीन दिवसांत निवळतात. ग्रँड नदी मातकट, तिला जास्त लागतात. बेरिया, विलोबी आणि पेन्सव्हिल इथल्या मापकांची पातळी यूएसजीएसच्या (अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण) संकेतस्थळावर दिसते. ती घरूनच पाहा.

रॉड ९ ते १०॥ फुटी, मुख्य दोरी ८ ते १० पौंडी. पुढचा फ्लुरोकार्बनचा तुकडा निवळ पाण्यात ४ ते ६ पौंडी, गढुळात ८. गरी ८ किंवा १० नंबरची, तिला जाळीत बांधलेली माशाची अंडी. फ्लोटखाली (पाण्यावर तरंगणारी खूण) शिशाचे मणी वरून खाली लहान होत जाणारे लावा, फ्लोटचं फक्त टोक वर राहील इतके.

आता त्या टोकाकडे नीट पाहा. ते प्रवाहाच्या दिशेने पुढे झुकलं असेल तर आमिष तळाला घासत मागे राहतंय: फ्लोट खाली सरकवून खोली सहा इंचांनी कमी करा. टोक उभं राहून, पृष्ठभागावरच्या फेसापेक्षा जरा संथ चालत असेल, तर जुळलं. या वेळी मासे नदीच्या खालच्या टप्प्यात, माणसाच्या चालीने वाहणाऱ्या खोलगट पाण्यात असतात.

ड्रॅग (दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक) घट्ट ठेवू नका, ६ पौंडी तुकड्याला दोन पौंड पुरे. बरेचसे मासे पहिल्या धावेतच दोरी तोडून जातात, आणि कारण बहुतेक वेळा हेच असतं. पाणी ४० अंश फॅरनहाइटखाली गेलं की मासा आळसावतो. तेव्हा फ्लोट त्याच रेघेतून दहा वेळा चालवा.

नियम आणि घरी आल्यावर

१६ वर्षं आणि त्यापुढच्यांना ओहायोचा परवाना लागतो. १ सप्टेंबर ते १५ मे दिवसाला दोन स्टीलहेड, किमान १२ इंच. पर्चची मर्यादा विभागानुसार वेगळी असते आणि बदलते, निघण्याआधी तपासा. पोटात किंवा शेपटीत गरी अडकलेला स्टीलहेड सोडून द्यावा लागतो.

पर्चचे तुकडे पातळ आणि सौम्य चवीचे. हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून रव्यात घोळा आणि तापलेल्या तव्यावर प्रत्येक बाजूला दोनेक मिनिटं, बस. सुरमईइतका वेळ तव्यावर ठेवलात तर कोरडे पडतील. स्टीलहेड तेलकट, पोटाकडची चरबी काढा आणि किती खावा याबद्दल राज्याची आरोग्य-सूचना वाचा.

नदीचा तळ शेल खडकाच्या फरशीचा, शेवाळलेला असतो. खिळ्यांच्या तळव्याचेच बूट मागा. वेडर्सवर (पाण्यात उतरायची जलरोधक पँट) कमरेचा पट्टा आवळा, पडल्यावर आत पाणी कमी शिरतं. परत देताना वेडर्स उलटे करून वाळवा, आणि उरलेले शायनर पाण्यात सोडू नका, कचऱ्यात टाका.