'लागत नाही' म्हणजे नेमकं काय: लाइन की नेट?

आमच्याकडे फोन लागतो, नेट लागतं आणि पाऊसही लागतो. क्रियापद एकच असल्यामुळे डायल-अपच्या काळात, म्हणजे फोनच्या तारेवरून नंबर लावून नेट जोडायचो तेव्हा, एक गोंधळ कायम व्हायचा. "नेट लागत नाही" एवढाच निरोप यायचा आणि त्यात दोन अगदी वेगळे बिघाड दडलेले असायचे. एक म्हणजे आपल्या मोडेमची (कॉम्प्युटरला फोनच्या तारेशी जोडणाऱ्या यंत्राची) पलीकडच्या, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या, मोडेमशी गाठच पडत नाही. दुसरा म्हणजे गाठ पडते, पण त्यांच्यामागच्या दोन कॉम्प्युटरांचं बोलणं जुळत नाही. पहिल्याला मी लाइन लागणं म्हणतो, दुसऱ्याला नेट लागणं. लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच कॉम्प्युटर चालवणाऱ्या दुसऱ्या प्रणालीवर, ही दोन कामं वेगवेगळी प्रोग्रामं करतात, म्हणून आधी वेगळी ओळखली तर अर्ध्या तासात उलगडा होतो. नाही तर आख्खी दुपार जाते, आणि वर कॉलचं बिल येतं ते वेगळंच.

देवगडजवळच्या एका गावातलं घर मला अजून आठवतं. जून महिना, पडवीत फोन, माजघरात टेबलावर मुलाने मुंबईहून पाठवलेला कॉम्प्युटर, त्यावर मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून घातलेलं रेड हॅट लिनक्स. मी पोचलो तेव्हा काकांनी विचारलं, "आवाज तर येता मां? मगे नेट खंय अडला?"

प्रश्न अगदी नेमका होता. आधी डायल टोन ऐकू येतो, मग आकडे, मग पलीकडून २१०० हर्ट्‌झच्या आसपासचा एक लांब सूर आणि मग ती ओळखीची खरखर. त्या खरखरीत दोन्ही मोडेम मधली तार कशी आहे ते तपासतात आणि कोणता वेग झेपेल ते ठरवतात. ठरलं की मोडेम 'कनेक्ट' असा शब्द कॉम्प्युटरकडे पाठवतो आणि बहुतेक मोडेमांचा स्पीकर त्याच क्षणी गप्प होतो. लाइन लागली ती इथे. एवढ्या सगळ्यात लिनक्सने फक्त सिरियल पोर्टवर (मोडेमची केबल जिथे लागते तिथे) 'एटीडीटी' आणि पुढे नंबर एवढीच अक्षरं पाठवलेली असतात. हेज कंपनीच्या १९८१च्या स्मार्टमोडेमपासून चालत आलेली ही एटी आज्ञांची भाषा मोडेमला कळते, बाकीचं तो आणि तांब्याची तार बघून घेतात.

नेट लागायची सुरुवात त्या शांततेनंतर होते. 'पीपीपीडी' नावाचा प्रोग्राम जागा होतो आणि पलीकडच्या यंत्राशी दुव्याच्या अटी ठरवतो. तारेवरून दोन कॉम्प्युटरांनी बोलायच्या पद्धतीला पीपीपी म्हणतात, आणि अटी ठरवायच्या तिच्यातल्या भागाला एलसीपी. मग नाव आणि पासवर्ड दाखवून ओळख पटवायची, मग आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा आपला आकडी पत्ता, मिळवायचा, मग बाहेर जायचा रस्ता आणि डीएनएसचे (नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या यंत्रांचे) पत्ते जागेवर बसवायचे. ह्यातलं काहीच ऐकू येत नाही. म्हणूनच लोकांचं लक्ष फक्त खरखरीकडे असतं, आणि खरखर झाली की आपलं काम झालं असं त्यांना वाटतं.

तेव्हा पहिली परीक्षा कानाची. गाडी अडली ती मोडेम गप्प होण्याआधी की नंतर? दुसरी परीक्षा डोळ्यांची. 'डब्ल्यूव्हीडायल' हा डायल करणारा प्रोग्राम वापरत असाल तर तो पडद्यावर सगळं लिहितो, आणि पीपीपीडीचे निरोप सिस्टिमच्या 'मेसेजेस' नावाच्या नोंदवहीत उमटतात. तिथे 'नो डायलटोन', 'बिझी' किंवा 'नो कॅरिअर' (पलीकडच्या मोडेमशी सूर जुळला नाही) दिसलं आणि 'कनेक्ट' आलंच नाही, तर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करण्यात काही अर्थ नाही. पासवर्डची वेळच आलेली नसते. उलट 'कनेक्ट' दिसलं असेल तर उठून खांबावरची तार बघायला जायची घाई करू नका.

काकांकडे 'नो कॅरिअर' येत होतं. मी मोडेमची तार काढून साधा फोन जोडला, एक आकडा दाबून टोन थांबवला आणि नुसतं ऐकलं. लाइन मोकळी असताना शांतता हवी, इथे तव्यावर काहीतरी तडतडतंय असा आवाज. भिंतीवरची रोझेटची पेटी, म्हणजे बाहेरची तार घरात येऊन जोडलेली असते ती, उघडली. आत दोन्ही स्क्रूंवर हिरवं कीट आणि एका तारेचे तीनच पातळ धागे शिल्लक. किनाऱ्यावर हे नेहमीचं आहे: खारा वारा, चार महिन्यांची ओल, आणि पेटी बहुतेक वेळा पागोळ्यांच्या बाजूच्या भिंतीवर. माणसाचं बोलणं अशा तारेतूनही कळतं, कारण तुटलेला शब्द आपण मनात जोडून घेतो. मोडेमला ती सवलत नसते. तार कापून नवं टोक सोललं, स्क्रू घासले, आणि २८,८०० वर लाइन लागली.

इथे वेगाबद्दल दोन शब्द. व्ही.९० हा ५६ के चा मानदंड १९९८ साली आला, पण तो वेग फक्त येणाऱ्या दिशेला आणि तोही वाटेत डिजिटलचं अ‍ॅनालॉग एकदाच होत असेल तर. गावाच्या वाटेवर ते रूपांतर दोनदा झालं की खाली ३३,६०० किंवा २८,८०० वर समाधान मानायचं, त्यात लिनक्सचा दोष नाही. आणि पडद्यावर 'कनेक्ट ११५२००' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. तो आकडा कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यातल्या केबलचा असतो. तारेवरचा खरा वेग बघायचा असेल तर पुष्कळ मोडेमांना 'एटीडब्ल्यू२' सांगावं लागतं.

लाइनच्या बाजूचे बाकीचे उपाय थोडक्यात सांगतो. एक्स्चेंजचा टोन मोडेमला ओळखता येत नसेल तर नंबराआधी 'एक्स३' घाला, म्हणजे तो टोनची वाट न बघता डायल करेल. जुन्या एक्स्चेंजवर आकडे सुरांऐवजी खटक्यांनी, म्हणजे पल्सने, पाठवावे लागायचे, तिथे 'एटीडीटी'च्या जागी 'एटीडीपी'. अधूनमधून एखाद्या खटक्याने लाइन सुटत असेल तर मोडेममधलं एस१० हे रजिस्टर, म्हणजे किती वेळ थांबायचं ते ठरवणारा आकडा, वाढवा. ते सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजतं, म्हणजे ५० लिहिलं की मोडेम पाच सेकंद कळ काढतो. आणि माडीवर समांतर फोन असेल तर तो कुणी उचलणार नाही एवढं बघा.

'एटी'ला मोडेमचं उत्तरच येत नसेल तर तो तिसरा विषय. आतल्या स्लॉटमधली अनेक स्वस्त कार्डं अर्धीच मोडेम असतात, उरलेलं काम विंडोजच्या ड्रायव्हरने करायचं असतं. लिनक्सवर त्यांना लुसेंट, कोनेक्सन्ट किंवा स्मार्टलिंकचा वेगळा ड्रायव्हर शोधावा लागतो. बाहेर ठेवायचा, सिरियल केबलचा मोडेम घ्या असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो. थोडा महाग पडायचा, पण डोकेदुखी वाचायची.

आता दुसरी बाजू. लाइन लागली, आवाज थांबला, आणि अर्ध्या मिनिटाने सगळं तुटलं. नोंदवहीत 'एलसीपी टाइमआउट' असेल तर पीपीपीडीने दर तीन सेकंदांनी एक याप्रमाणे दहा विनंत्या पाठवल्या आणि पलीकडून कुणी ओ दिली नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी मी 'मिनिकॉम' (मोडेमशी थेट अक्षरांत बोलायचा प्रोग्राम) उघडून हाताने डायल करतो आणि 'कनेक्ट'नंतर काय येतं ते बघतो. लॉगिन विचारणारी ओळ आली, तर पलीकडच्याला आधी अक्षरांत नाव-पासवर्ड हवा आहे. पण नागमोडी टिल्ड (~), उजवा महिरपी कंस, मध्येच उद्गारचिन्ह असा कचरा पडद्यावर सांडला, तर तो कचरा नव्हे, पीपीपीची पाकिटं आहेत. प्रत्येक पाकिटाच्या कडेला जो बाइट असतो तोच पडद्यावर टिल्ड म्हणून दिसतो. पलीकडचा बोलायला तयार आहे, आपलंच दार उघडलेलं नाही, हे त्या खुणेवरून कळतं. ही चिन्हं पहिल्यांदा ओळखता आली तेव्हा मला फार आनंद झाला होता.

हा भेद आपल्या देशात पुस्तकी नव्हता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा शेल खातं वेगळं आणि टीसीपी-आयपी खातं वेगळं मिळायचं. स्वस्त शेल खात्यात लाइन छान लागायची, पण त्यावर मिळायचा अक्षरांचा पडदा. चित्रांचा ब्राउझर चालावा असं नेट त्यात नसायचं.

ओळख पटवण्याशी अडलं तर 'पॅप ऑथेंटिकेशन फेल्ड' अशी स्पष्ट ओळ येते; पॅप म्हणजे नाव-पासवर्ड दाखवायची पद्धत. मग पासवर्ड, लहान-मोठी अक्षरं आणि 'पॅप-सीक्रेट्स' ही फाइल तपासा. ज्या दुकानात कॉम्प्युटर आधीच नेटवर्क कार्डाने दुसऱ्याशी जोडलेला असतो, तिथे वेगळीच अडचण येते. बाहेरचा रस्ता आधीच नेटवर्क कार्डाकडे ठरलेला असतो, पीपीपीडी तो बदलत नाही, आणि वर पलीकडच्यालाच ओळख मागत बसतो. तिथे पीपीपीडीच्या पर्यायांत 'नोऑथ' (ओळख मागू नकोस) लिहायचं आणि डायल करण्याआधी जुना डिफॉल्ट रस्ता काढून टाकायचा.

काकांकडे लाइन लागल्यावरही मुलाची मेल उघडेना. पीपीपी०ला, म्हणजे डायल-अपच्या जोडणीला, आयपी पत्ता मिळाला होता. मी आकड्यांतला एक पत्ता पिंग केला, म्हणजे 'आहेस का' असं त्याला विचारलं, उत्तरं आली. तोच नावाने केला तर काही नाही. म्हणजे नेटही लागलं होतं, फक्त नावावरून पत्ता सांगणारं कुणी नव्हतं. 'इटीसी'मधली 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' ही डीएनएसचे पत्ते ठेवायची फाइल उघडली तर रिकामी. पीपीपीडीच्या पर्यायांत 'यूजपीअरडीएनएस' (पलीकडच्याने दिलेले डीएनएस वापर) लिहिलं, पुन्हा डायल केलं, आणि आलेले दोन पत्ते त्या फाइलीत जातात की नाही ते बघून घेतलं.

एक बिघाड मात्र दोन्ही बाजूंना फसवतो. मिरगाच्या किंवा परतीच्या पावसात वीज कडाडून गेली की दुसऱ्या दिवशी मोडेम 'एटी'ला बेशक 'ओके' म्हणतो, दिवे लागतात, लिनक्सला तो धडधाकट दिसतो. पण डायल केलं की 'नो डायलटोन', आणि 'एक्स३' घातलं तर 'नो कॅरिअर'. त्याच सॉकेटला साधा फोन लावा. त्यात टोन स्वच्छ येत असेल, तर मोडेमचा कॉम्प्युटरकडचा भाग जिवंत आहे आणि तारेकडचा जळला आहे. तो मोडेम बदलायचा, आणि नवा आणला की आभाळ भरून आलं रे आलं, विजेच्या प्लगबरोबर टेलिफोनची तारही काढून ठेवायची.