फिट्सचं औषध चालू असलेलं मूल आणि त्याचा थायरॉइड

मुलाला फिट्सचं औषध सुरू झालं की घरात सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर, परत फिट आली का? साहजिक आहे ते. पण परळच्या मोठ्या हॉस्पिटलांच्या ओपीडीबाहेर जरा वेळ बसलं की आया एकमेकींशी वेगळंच बोलताना ऐकू येतं, "फिट थांबली हो, पण पोरगं सारखं पेंगतं, वजन वाढलंय, शाळेतून तक्रार येते." औषधाने होतंच असं म्हणून विषय तिथेच संपतो, आणि बरेचदा कारण तेच असतंही, व्हॅल्प्रोएट या फिट्सच्या औषधाने भूक आणि वजन वाढतं. पण थायरॉइड कमी पडला तरी मूल असंच सुस्त होतं, पोट साफ होत नाही, उंची वाढायची थांबते, त्यामुळे टी४ (थायरॉइडचा हार्मोन) आणि टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारा हार्मोन, थायरॉइड कमी पडला की हा वाढतो) या रक्ताच्या टेस्ट एकदा बघूया का, हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा.

होतं असं की कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटल ही फिट्सची औषधं लिव्हरमधल्या एन्झाइम्सना जास्त कामाला लावतात आणि ती एन्झाइम्स रक्तातला टी४ पण भराभर संपवतात, म्हणून रिपोर्टमध्ये टी४ खाली आणि टीएसएच बरेचदा नॉर्मल. व्हॅल्प्रोएटचं उलट, टी४ ठीक पण टीएसएच थोडा वर. लेव्हेटिरासिटॅम या आणखी एका फिट्सच्या औषधाचा असा त्रास फारसा दिसत नाही. मूल आधीपासून थायरॉइडची गोळी घेत असेल आणि त्यात कार्बामाझेपिन सुरू झालं तर गोळीचा डोस वाढवावा लागू शकतो, हे दोन्ही डॉक्टरांना माहीत असायला हवं.

टीएसएच थोडासा वाढलेला दिसला म्हणून घाबरू नका, पुष्कळ मुलांमध्ये काही आठवड्यांनी परत टेस्ट केली की झालं, औषध बदललं किंवा बंद झालं की तो खालीही येतो. टी४ कमी असेल किंवा टीएसएच १० च्या वर राहत असेल तर डॉक्टर लेव्होथायरॉक्सिनचा, म्हणजे थायरॉइडच्या गोळीचा, विचार करतात. मूल ३ वर्षांच्या आतलं असेल तर अजिबात वेळ घालवायचा नाही, कारण त्या वयात मेंदूची वाढच थायरॉइडच्या हार्मोनवर चाललेली असते. पण एक गोष्ट हात जोडून सांगते, थायरॉइडच्या भीतीने फिट्सचं औषध स्वतःहून बंद करू नका, अचानक बंद केलं तर फिट न थांबता बराच वेळ चालू राहू शकते, आणि ५ मिनिटांच्या वर गेलेली फिट म्हणजे सरळ इमर्जन्सी.

आणखी एक, जे फार कमी जणांना माहीत असतं. काही बाळांना बायोटिनिडेझ एन्झाइम कमी असल्यामुळे फिट्स येतात, त्यांना बायोटिन हे व्हिटॅमिन द्यावंच लागतं आणि त्याने फरकही छान पडतो, पण काही लॅबच्या टेस्ट पद्धतीत तेच बायोटिन गडबड करतं, टीएसएच खोटाच कमी आणि टी४ खोटाच जास्त येतो, म्हणजे कागदावर थायरॉइड वाढलेला. अशा बाळाचं बायोटिन बंद करायचं नसतं, लॅबला आधी सांगून दुसऱ्या पद्धतीने टेस्ट करून घ्यायची असते.