उपपत्ती

उपपत्ती : गणितातील एखादे विधान का खरे आहे, ते कारणांनिशी दाखवणारी मांडणी. शालेय भूमितीत हिला ‘सिद्धता’ म्हणतात. संस्कृत ग्रंथांत याच अर्थी ‘वासना’ हाही शब्द येतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) मुख्यतः नियम व उदाहरणे आहेत. त्यांची कारणे टीकाकारांनी, म्हणजे ग्रंथावर स्पष्टीकरण लिहिणाऱ्यांनी, उलगडली. त्यांत गणेश दैवज्ञांची ‘बुद्धिविलासिनी’ (शके 1467, इ. स. 1545) अग्रगण्य होय.

गणेशांचा जन्म सोळाव्या शतकाच्या आरंभीचा असावा. त्यांचे व वडील केशव दैवज्ञ यांचे गाव नंदिग्राम. काही अभ्यासक हे गाव म्हणजे गुजरातमधील नांदोद असे मानतात. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’कार शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ते जंजिरा संस्थानातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळचे नांदगाव ठरवले. (दीक्षितांचे जन्मगाव मुरूड हे दापोलीजवळचे, वेगळे.) गणेशांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रहगणितावरील ग्रंथाच्या अखेरीस नंदिग्राम अपरान्तात असल्याचा उल्लेख येतो आणि अपरान्त म्हणजे सामान्यतः कोकण. नांदोद समुद्रापासून बरेच आत आहे. त्यामुळे दीक्षितांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

शके 1442 हे आरंभवर्ष धरणाऱ्या ‘ग्रहलाघवा’त ज्या-चापांचे (आजच्या भाषेत साइन व कंस यांचे) गणित टाळले आहे, म्हणून पंचांगकर्त्यांत तो ग्रंथ रुळला. आकडेमोड इतकी सोपी करून देणाऱ्या याच माणसाने, उपपत्तीवाचून गणिती निःशंक होत नाही व जाणकारांच्या सभेत त्याला मान मिळत नाही, असे बुद्धिविलासिनीत बजावले, हे मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे.

वर्तुळाच्या क्षेत्रफळाची त्यांची उपपत्ती कागद-कात्रीने करून पाहता येते. वर्तुळाचे दोन अर्ध करावेत, प्रत्येकाचे सारखे टोकदार तुकडे कडेला जोडलेले ठेवून कापावेत, अर्ध उलगडून एकाचे दात दुसऱ्याच्या फटींत बसवावेत. जो आयत होतो त्याची लांबी अर्धा परिघ, रुंदी त्रिज्या. व्यास 14 असता, 22/7 धरून, 22 × 7 = 154. मात्र थोडेच तुकडे केले तर आयताची लांब कड नागमोडी राहते. तुकडे वाढवावेत तशी ती सरळ होत जाते, पण पूर्ण सरळ कधीच होत नाही. ही उणीव भरायला सीमेची (limit), म्हणजे तुकडे वाढवत गेल्यास आकार ज्याच्या हवे तितके जवळ जातो त्याची, संकल्पना लागते. स्वयंसिद्ध तत्त्वांपासून निघत नाही म्हणून काहीजण उपपत्तीला सिद्धता मानत नाहीत. तरी कारण शोधण्याची शिस्त तीत पूर्ण आहे.

पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हा क्रम शाळेतच अंगवळणी पडतो. पदवीच्या गणितात खरी अडचण विधान नीट वाचण्याची येते, कारण शब्दांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो. ‘प्रत्येक संख्येहून मोठी अशी एक तरी संख्या असते’ हे पूर्णांकांबाबत खरे. ‘अशी एक संख्या असते, जी प्रत्येक संख्येहून मोठी आहे’ हे खोटे. पहिल्यात मोठी संख्या दिलेल्या संख्येवरून निवडता येते, n साठी n + 1. दुसऱ्यात एकच संख्या सर्वांना पुरायला हवी आणि ती स्वतःहूनही मोठी ठरायला हवी.