महाल, गांधीबाग, सिव्हिल लाईन्स: नागपूरच्या वीज फ्रँचायझीची पार्श्वभूमी

२०२४ च्या उन्हाळ्यात स्मार्ट मीटरवरून नागपुरात मोर्चे निघाले तेव्हा बाहेरगावचे लोक विचारत होते की साध्या मीटरला एवढं काय घाबरता. त्यांना या शहराची मधली आठ वर्षं माहीत नाहीत. १ मे २०११ ते ९ सप्टेंबर २०१९ या काळात महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाईन्स या तीन विभागांत मीटर लावणं, रीडिंग घेणं, बिल वाटणं, पैसे वसूल करणं, डीपी जळाली तर बदलणं हे सगळं सरकारी कंपनीकडे (महावितरणकडे) नव्हतं, फ्रँचायझीकडे, म्हणजे तिनं काम चालवायला दिलेल्या खासगी कंपनीकडे होतं. काँग्रेसनगर विभाग तेवढा सरकारी कंपनीनं स्वतःकडे ठेवला. म्हणजे एकाच शहरात, एकाच दरानं, पण तक्रार कुठे न्यायची ते घर कुठल्या विभागात पडतं त्यावर ठरायचं.

खासगी वीज नागपूरला तशी नवीन नव्हती. स्वातंत्र्याच्या आधीपासून शहरात खासगी लाईट कंपनी होती आणि पन्नासच्या दशकातही तीच वीज देत होती. १९४८ च्या कायद्यानं राज्याराज्यांत वीज मंडळं आली, आपण १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्य, मग १९६० ला महाराष्ट्र आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचं मंडळ. मंडळानं गावोगाव खांब नेले, ते काम कोणत्याही खासगी कंपनीनं केलं नसतं असं माझं ठाम मत आहे. पण शेतीपंपाला हॉर्सपॉवरवर बिल असल्यामुळे पंपानं खरी किती वीज खाल्ली ते कोणालाच कळत नव्हतं आणि मग गळती, चोरी, न केलेलं रीडिंग सगळं शेतकऱ्याच्या नावावर टाकायची सोय झाली. नव्वदच्या दशकात १८ टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती (म्हणजे दिलेली पण हिशेबात न आलेली वीज), विजेचे दर ठरवणाऱ्या नियामक आयोगासमोर हिशेब मांडायची वेळ आली तेव्हा ३० च्या वर निघाली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे फ्रँचायझीचा सगळा खेळ याच आकड्यावर चालतो.

तिकडे जगात चिलीनं १९८२ लाच वीज कायदा करून निर्मिती, पारेषण (मोठ्या लाईननं वीज दूर नेणं) आणि वितरण वेगळं करायला सुरुवात केली होती. १९९३ ला जागतिक बँकेनं ते धोरणच करून टाकलं, की ज्या देशाला विजेसाठी कर्ज पाहिजे त्यानं मंडळ तोडावं, स्वतंत्र आयोग नेमावा, खासगी भांडवल आणावं. कर्ज आणि परकीय चलन या दोन्हींसाठी अडलेल्या देशांनी तेच औषध घेतलं. आपल्याकडे १९९१ नंतर आधी निर्मितीच खासगीला खुली केली, वितरणाला हात लावला नाही, आणि माझ्या मते क्रमच उलटा लागला, कारण बिलाचे पैसे वसूल होत नसताना महागडी वीज विकत घ्यायचा करार केला तर तो कोण फेडणार. दाभोळच्या वीज प्रकल्पाचं तेच झालं. १९९२ ला बोलणी, १९९३ ला करार, १९९५ ला रद्द, १९९६ ला पुन्हा नव्यानं, १९९९ ला वीज सुरू आणि २००१ ला बंद. वितरणाचं खासगीकरण देशात पहिल्यांदा ओडिशानं केलं. १९९६ ला तिथलं मंडळ तुटलं, १९९९ ला चार वितरण कंपन्या विकल्या, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाचक्रीवादळ आलं, आणि मध्य ओडिशा घेतलेली अमेरिकन कंपनी २००१ ला निघून गेली. दिल्लीनं २००२ ला विकलं, ते टिकलं. केंद्राचा नवा कायदा २००३ चा, महाराष्ट्राचं मंडळ ६ जून २००५ ला तुटलं आणि वितरणाचं काम महावितरण या सरकारी कंपनीकडे आलं.

मंडळ तुटलं त्याच सुमारास लोडशेडिंग वाढलं. ज्या फीडरवर (सबस्टेशनमधून एका भागाला जाणाऱ्या लाईनवर) गळती जास्त तिथे लाईट जास्त वेळ बंद, असं गट पाडून वेळापत्रक लागलं. हिशेबाच्या भाषेत ते बरोबर वाटतं. पण कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही केंद्रं आपल्याकडे, कोळसा आपल्या खाणींचा, राख आपल्या शेतांवर, आणि नागपूर जिल्ह्यातल्याच खेड्यात दिवसाचे दहा-दहा तास अंधार, हे पाहणाऱ्या माणसाला गळतीचा तक्ता दाखवून काय समजणार होतं. शिवाय प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्यालाही शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा. (आकडा म्हणजे तारेवर टाकतात तो.) गळती हा शब्द सामान्य माणसाच्या तोंडी याच काळात आला.

आता मुख्य गोष्ट, फ्रँचायझी म्हणजे नेमकं काय. यावरच सगळ्यात जास्त गोंधळ आहे आणि आजही लोक 'खासगीकरण झालं होतं तेव्हा' असंच बोलतात. खासगीकरणात लायसन्स विकतात, तारा-खांब-सबस्टेशन सगळं नव्या मालकाचं होतं, जसं दिल्लीत झालं. समांतर परवान्यात त्याच भागात दुसरी कंपनी आपलं लायसन्स घेऊन येते. फ्रँचायझीत यातलं काहीच नाही. २००३ च्या कायद्यात एवढीच सोय आहे की लायसन्स असलेली कंपनी आपल्या हद्दीतला एखादा भाग दुसऱ्याकडून चालवून घेऊ शकते आणि त्या दुसऱ्याला वेगळं लायसन्स लागत नाही. तारा सरकारी कंपनीच्याच, दर आयोगच ठरवणार, कायद्यापुढे जबाबदारही सरकारी कंपनीच. त्यामुळे 'हे खासगीकरण नाही' असं जे तेव्हा वारंवार सांगितलं गेलं ते कागदावर खरंच होतं. पण दारात येणारा माणूस, ऑफिसात बसणारा माणूस, लाईट कापणारा माणूस तिन्ही बदलले होते, आणि ग्राहकाला वीज कंपनी म्हणजे हीच तीन माणसं माहीत असतात. म्हणून दोन्ही बाजू आपापल्या जागी खरं बोलत होत्या आणि एकमेकांना खोटं ठरवत होत्या.

पैशाचं गणित असं. सरकारी कंपनी शहराच्या सीमेवर वीज मोजून फ्रँचायझीला देते, त्याला इनपुट म्हणायचं. त्या प्रत्येक युनिटला फ्रँचायझीनं ठरलेला इनपुट रेट द्यायचा. टेंडर ज्याचा रेट सगळ्यात जास्त त्याला. समजा (हे आकडे फक्त समजायला, करारातले नाहीत) ग्राहकाकडून सरासरी ५ रुपये युनिट मिळतात आणि इनपुट रेट ३ रुपये आहे. गळती ३० टक्के असेल तर शंभर युनिटांतल्या ७० चेच पैसे येतात, म्हणजे ३५० रुपये, त्यातले ३०० सरकारी कंपनीला गेले, ५० उरले. गळती १५ वर आणली तर ४२५ येतात, १२५ उरतात. म्हणजे एकेक टक्का गळती कमी केली की सरळ ५ रुपये खिशात, त्यातून पगार, दुरुस्ती, नवीन केबल, कर्जाचं व्याज. आणि आयोगानं दर वाढवले की इनपुट रेटही त्या प्रमाणात वाढतो, तो नुसता गोठून बसत नाही.

आता यात अडचण कुठे आहे बघा. सगळं त्या पहिल्या ३० वर उभं आहे. करार करताना गळती ३० मोजली आणि प्रत्यक्षात २४ च होती, तर फ्रँचायझीला काही न करता पहिल्या दिवसापासून फायदा. ३० सांगितली आणि खरी ४० असेल, तर फ्रँचायझी पहिल्या दिवसापासून खड्ड्यात. उलट इनपुट रेट कमी ठरला तर सरकारी कंपनीचं म्हणजे शेवटी आपलंच नुकसान, पंधरा वर्षं. ज्या मंडळाची गळती आयोगापुढे एका झटक्यात १८ ची ३० च्या वर गेली होती त्याच्या वारसाच्या आकड्यांवर पंधरा वर्षांचे करार झाले. नागपूरबद्दल मला सगळ्यात जास्त वाद घालावासा वाटतो तो इथे. खासगी की सरकारी यावर शहर भांडत राहिलं आणि सुरुवातीचा आकडा कोणी, कसा, कोणत्या महिन्यात मोजला हे जाहीर सभेत कोणी विचारलं नाही.

दुसरं म्हणजे भिवंडी. पहिली फ्रँचायझी तिथे, जानेवारी २००७, आणि तिथली गळती निम्म्याहून जास्त होती, यंत्रमागांचं शहर, थोड्या मोठ्या ग्राहकांकडे भरपूर वीज. तिथे गळती झपाट्यानं खाली आली नि तेच मॉडेल म्हणून २०११ मध्ये नागपूर, औरंगाबाद, जळगाव इथे आणलं. नागपूर भिवंडी नाही. इथे लहान लहान घरगुती ग्राहक, जुन्या शहरात एकाच घरात चार भावांची चार मीटरं, दाट वस्त्या, आणि एप्रिल ते जूनचा कूलरचा लोड. भिवंडीइतका रस इथे पिळायला नव्हताच.

तारीख बघा, १ मे. नागपुरात १ मे ला नवीन माणसाच्या हाती वीज द्यायची म्हणजे पहिलाच महिना पंचेचाळीस डिग्रीचा, प्रत्येक घरात कूलर, गल्लीतली डीपी रात्री अकराला बसणार आणि तक्रार घेणाऱ्याला गल्ली कुठे आहे हेच माहीत नाही. जुने लाईनमन बहुतेक सरकारी कंपनीतच राहिले, बदलीनं दुसरीकडे गेले, आणि कोणत्या खांबावर कोणती फेज आहे ही माहिती त्यांच्या डोक्यात होती, नकाशावर नव्हती. ती त्यांच्याबरोबर गेली. २३ मे २०१३ ला शहरात ४७.९ डिग्री नोंदलं गेलं, त्या उन्हाळ्यात ज्यांच्या घरी लाईट गेली त्यांना ती रात्र अजून आठवते.

मीटर बदलाचंही तसंच. आमच्याकडे चकतीचं जुनं मीटर होतं, ते काढून इलेक्ट्रॉनिक लावलं आणि बिल वाढलं, आई म्हणायची मीटर फास्ट आहे. नंतर लक्षात आलं की जुनंच इतकी वर्षं स्लो होतं. पण ही गोष्ट मीटर लावतानाच कोणी दारात उभं राहून समजावली असती, जुन्या आणि नव्या मीटरचं रीडिंग महिनाभर शेजारी शेजारी दाखवलं असतं, तर मोहल्ल्यात एवढा संशय पसरला नसता. खरोखर चुकीची बिलंही आली, अ‍ॅव्हरेज बिलं आली, भाडेकरू सोडून गेलेल्या घराची थकबाकी नव्या माणसाच्या माथी आली. आंदोलनं झाली, चौकशी समितीही बसली.

कंपनीचं आतलं चित्रही डळमळीत होतं. मूळ कंपनी दीड-दोन वर्षांतच पैशानं अडकली आणि दुसऱ्या समूहानं ताबा घेतला. औरंगाबादची फ्रँचायझी २०१४ ला आणि जळगावची २०१५ ला गेली, नागपूरची तेवढी चालत राहिली. केबल टाकल्या, वसुली सुधारली, गळती कमी झाली, हे विरोधकांनीही नाकारू नये. पण नवा समूह स्वतःच कर्जात सापडला, सरकारी कंपनीचं इनपुटचं देणं थकायला लागलं, आणि २०१९ मध्ये आता चालवणं जमत नाही असं फ्रँचायझीनंच कळवलं. ९ सप्टेंबरला सरकारी कंपनीनं तीनही विभाग परत घेतले.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. कोट दि'व्हार या आफ्रिकन देशात १९९० पासून याच धर्तीवर, मालमत्ता सरकारची आणि चालवणारी कंपनी खासगी, असं चालू आहे. युगांडानं २००५ ला वीस वर्षांसाठी वितरण दिलं, गळती जवळपास ३८ टक्क्यांवरून १७ च्या आसपास आली, तरीही मुदत संपल्यावर ३१ मार्च २०२५ ला सरकारनं परत घेतलं आणि शेवटी भांडण लागलं ते कंपनीनं घातलेले किती पैसे परत द्यायचे यावर. घानानं मार्च २०१९ ला दिलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हमीपत्रांच्या घोळावरून रद्द केलं. मला या सगळ्यांत युगांडाचं उदाहरण जास्त शिकण्यासारखं वाटतं कारण तिथे गळती उतरूनही बिलावरचा राग उतरला नाही.

नंतरचं सगळ्यांना आठवतंच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रीडिंग झालं नाही, जूनमध्ये तीन महिन्यांचं बिल एकदम आलं. ४ जानेवारी २०२३ ला राज्यभर वीज कर्मचारी संपावर गेले, मुद्दा समांतर परवान्याचा, एका दिवसात मिटला. २०२१ च्या केंद्राच्या योजनेतून प्रीपेड स्मार्ट मीटर यायचं ठरलं, २०२४ ला विरोध वाढल्यावर सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही असं जाहीर झालं, मग तेच स्मार्ट मीटर पोस्टपेड आणि टीओडी या नावानं लागायला लागले. इथे पुन्हा शब्दांचा गुंता आहे. स्मार्ट म्हणजे मीटर दुरून वाचता येणारं, प्रीपेड म्हणजे आधी पैसे भरायची पद्धत, टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे दर, या तीन वेगळ्या गोष्टी एकाच डब्यात आहेत आणि त्यातली कोणती चालू आहे ते ग्राहकाला डब्याकडे बघून कळत नाही.

आणि करारही वेगळा आहे. फ्रँचायझीची कमाई गळतीवर होती, स्मार्ट मीटरच्या ठेकेदाराला मीटरमागे दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळते, गळती उतरो न उतरो. गांधीबागेतल्या बाईला हा फरक कोणी सांगितलेला नाही. तिला २०११ मध्ये एक अनोळखी मुलगा जुनं मीटर काढताना दिसला होता आणि आता दुसरा दिसतो आहे, आणि फ्रँचायझीचा तो पंधरा वर्षांचा करार पूर्ण चालला असता तर एप्रिल २०२६ ला संपला असता.