डेटाबेसची सफाई आणि संकेतस्थळाचा वेग

वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीवरील संकेतस्थळात डेटाबेस, म्हणजे सगळी माहिती साठवणारे कोठार, साफ करणारे प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) बसवले की ते सर्वप्रथम एक यादी दाखवते: लेखांच्या जुन्या आवृत्त्या इतक्या, कचरापेटीतील नोंदी इतक्या, मुदत संपलेला तात्पुरता डेटा इतका आणि हे सारे हटवले तर इतके एमबी मोकळे होतील. बटण दाबले की आकडा खाली येतो आणि आता संकेतस्थळ वेगाने उघडेल अशी मालकाची स्वाभाविक समजूत होते. प्रत्यक्षात अनेकदा वेगात काहीच फरक पडत नाही, कारण डेटाबेसचा आकार आणि त्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक पान उघडताना जे वाचले जाते, त्यावर वेग ठरतो. जे नुसते पडून आहे, ते बहुतेक वेळा फक्त जागा व्यापते.

साठणाऱ्या गोष्टींपैकी सर्वांत ठळक म्हणजे लेखांच्या आवृत्त्या. २००८ साली आलेल्या वर्डप्रेस २.६ पासून लेखात बदल करून तो जतन केला की त्याची पूर्ण प्रत ‘पोस्ट्स’ नावाच्या टेबलमध्ये, म्हणजे डेटाबेसमधील एका तक्त्यात, स्वतंत्र नोंद म्हणून ठेवली जाते आणि मुळात या प्रतींच्या संख्येला मर्यादा नसते. फक्त बदललेला शब्द साठवला जात नाही, अख्खा लेख साठवला जातो. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट लागतात, त्यामुळे हजार शब्दांचा मराठी लेख साधारण २० केबीच्या आसपास जातो आणि तो तीस वेळा सुधारून जतन केला तर एकाच लेखामागे सुमारे ६०० केबी साठतात. लिहीत असताना दर मिनिटाला जे आपोआप जतन होते, त्याची मात्र रास वाढत नाही. प्रत्येक लेखासाठी प्रत्येक लेखकाची अशी एकच प्रत राहते आणि तीच पुन्हापुन्हा बदलली जाते.

आता या हजारो आवृत्त्यांमुळे वाचकाला पान उशिरा दिसते का? ‘पोस्ट्स’ टेबलवर एक इंडेक्स असतो, ज्यात नोंदी आधी प्रकारानुसार, मग स्थितीनुसार, मग तारखेनुसार लावलेल्या असतात. पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीत आपण थेट हव्या त्या अक्षरावर जातो आणि बाकीची पाने चाळत नाही, तसेच इथे घडते. मुखपृष्ठासाठी ‘प्रकाशित लेख, नवीन आधी’ अशी मागणी आली की डेटाबेस इंडेक्सच्या नेमक्या त्या भागात जातो. आवृत्त्यांचा प्रकार वेगळा असल्याने त्या इंडेक्सच्या दुसऱ्याच भागात असतात आणि त्यांना हातही लागत नाही. आवृत्त्या कमी करण्याचा खरा फायदा बॅकअपचा आकार आणि त्याला लागणारा वेळ यांत दिसतो. तोही महत्त्वाचा आहे, पण तो वेगळा फायदा आहे आणि त्याला त्याच नावाने ओळखावे.

नोंद हटवली म्हणजे डिस्कवर नेमके काय होते, हेही समजून घेण्याजोगे आहे. वर्डप्रेसचा डेटा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि आज या दोन्हींचे नेहमीचे साठवण इंजिन, म्हणजे डेटा प्रत्यक्ष डिस्कवर लिहिणारा भाग, इनोडीबी हे आहे. ते डेटा १६ केबीच्या पानांमध्ये (ही संकेतस्थळाची पाने नव्हेत, ठरावीक आकाराचे तुकडे), बी-ट्री या झाडासारख्या फांद्या असलेल्या रचनेत ठेवते. नोंद हटवण्याचा आदेश मिळाला की ती लगेच पुसली जात नाही. तिच्यावर ‘हटवलेली’ अशी खूण होते आणि चालू असलेल्या कोणत्याही व्यवहाराला तिची गरज उरली नाही की पार्श्वभूमीवर चालणारी एक प्रक्रिया ती काढून टाकते. रिकामी झालेली जागा त्याच टेबलच्या पुढच्या नोंदींसाठी वापरता येते, मात्र डिस्कवरची फाइल लहान होत नाही. ती लहान व्हावी यासाठी प्लगिनमध्ये ‘ऑप्टिमाइझ’चे वेगळे बटण असते. ते दाबले की इनोडीबी ते टेबल नव्याने बांधते, नोंदी पानांमध्ये पुन्हा दाटीने भरते आणि कोणत्या इंडेक्सचा किती उपयोग होईल याचे अंदाज ताजे करते. ‘या टेबलला ऑप्टिमाइझ करता येत नाही, त्याऐवजी पुनर्बांधणी आणि विश्लेषण करत आहोत’ अशा अर्थाचा संदेश दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. इनोडीबीत या आज्ञेचा अर्थच तो आहे. मात्र बांधणी पूर्ण होईपर्यंत जुने आणि नवे अशी दोन्ही टेबले डिस्कवर असतात, म्हणून मोठ्या टेबलसाठी जवळजवळ तेवढीच मोकळी जागा आधी पाहून ठेवावी लागते. मोठ्या प्रमाणावर नोंदी हटवल्यानंतर हे काम एकदा करणे योग्य आहे. दर आठवड्याला ते आपोआप करण्याची सोय बहुतेक प्लगिन देतात, पण माझ्या मते लहानमोठ्या सामान्य संकेतस्थळांना तिची गरज नसते, कारण मोकळी झालेली जागा नव्या नोंदी पुन्हा भरूनच काढतात.

वेगाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो ‘ऑप्शन्स’ या टेबलमध्ये. संकेतस्थळाचे नाव, वापरात असलेली थीम, प्रत्येक प्लगिनच्या मांडण्या (सेटिंग्ज) असे सारे इथे असते आणि प्रत्येक नोंदीसोबत ती आपोआप वाचायची की नाही, हे सांगणारा एक रकाना असतो. ज्या नोंदी आपोआप वाचायच्या असतात, त्या सगळ्या वर्डप्रेस प्रत्येक विनंतीच्या सुरुवातीला एकाच फेरीत उचलते, मग त्या पानाला त्यांची गरज असो वा नसो. कल्पना करा, एका प्लगिनने शोधयंत्रांकडून आलेल्या भेटींची नोंदवही एकाच ऑप्शनमध्ये साठवली आणि ती आपोआप वाचण्यासाठी ठेवली. पुढे मालकाने ते प्लगिन बंद केले. ती नोंद तशीच राहते, कारण प्लगिन बंद केल्याने त्याचा डेटा जात नाही. प्लगिन पूर्ण काढून टाकल्यावरही तो जातोच असे नाही, त्यासाठी ते लिहिणाऱ्याने सफाईची तरतूद केलेली असावी लागते. अशी ५०० केबीची एकच नोंद प्रत्येक पानाच्या प्रत्येक मागणीवेळी डेटाबेसमधून निघून पीएचपीच्या, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत चालते तिच्या, स्मृतीत जाते आणि तिकडे कोणीही तिच्याकडे पाहत नाही. काही एमबींच्या आवृत्त्यांपेक्षा ही एक नोंद संकेतस्थळाला कितीतरी जास्त जड जाते, आणि सफाईच्या यादीत ती बहुधा दिसतसुद्धा नाही.

वर्डप्रेसच्या विकासकांनीही हे ओळखले आहे. २०२४ मधील ६.६ या आवृत्तीपासून, आपोआप वाचायचे की नाही हे प्लगिनने स्पष्ट सांगितले नसेल आणि ऑप्शन १,५०,००० बाइटांपेक्षा मोठा असेल, तर तो आपोआप वाचला जात नाही. शिवाय आपोआप वाचल्या जाणाऱ्या नोंदींची एकूण बेरीज सुमारे ८ लाख बाइटांच्या पुढे गेली की वर्डप्रेसच्या ‘साइट हेल्थ’ या तपासणीच्या पानावर इशारा दिसतो. सफाईला बसण्याआधी तो आकडा पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. याच टेबलमधील तात्पुरत्या डेटाबाबतही एक बारकावा आहे: ज्याला मुदत दिलेली असते तो आपोआप वाचला जात नाही आणि ४.९ या आवृत्तीपासून मुदत संपलेला डेटा वर्डप्रेस रोजच्या नियोजित कामात स्वतःच हटवते. ज्याला मुदतच दिलेली नाही, तो मात्र कायमचा राहतो आणि प्रत्येक वेळी वाचलाही जातो.

अनाथ नोंदी हा सफाईतील सर्वांत नाजूक भाग आहे. लेखाची जोडमाहिती ‘पोस्टमेटा’ या वेगळ्या टेबलमध्ये असते आणि वर्डप्रेस या टेबलांमध्ये परकीय कळ, म्हणजे एका टेबलची नोंद दुसऱ्यातील नोंदीशिवाय राहू न देणारे बंधन, वापरत नाही. त्यामुळे कोणी थेट डेटाबेसमधून लेख हटवला तर त्याची जोडमाहिती मागे उरते. ज्या लेखाचा क्रमांकच अस्तित्वात नाही, त्याची जोडमाहिती अनाथ आहे हे निःशंकपणे ठरवता येते. ‘ऑप्शन्स’मध्ये तशी खात्री नसते, कारण कोणती नोंद कोणत्या प्लगिनची आहे हे तिथे कुठेच लिहिलेले नसते. सफाईचे प्लगिन नावाच्या सुरुवातीवरून अंदाज बांधते आणि अंदाज चुकला तर चालू प्लगिनच्या मांडण्या नाहीशा होतात. म्हणून इथे एकगठ्ठा निवड करू नये. संशयित नोंद आधी हटवण्याऐवजी तिचे आपोआप वाचणे बंद करावे. तेवढ्यानेच वेगाचा लाभ मिळतो आणि गरज पडल्यास वर्डप्रेसला ती नोंद नंतर मिळतेही.

हटवण्याची पद्धतही प्लगिनागणिक बदलते. काही प्लगिन थेट डेटाबेसला आदेश देतात. ते झटपट होते. डब्ल्यूपी-स्वीपसारखे प्लगिन शक्य तेथे वर्डप्रेसचीच हटवण्याची कार्ये वापरते. त्यात वेळ अधिक जातो, पण लेखासोबत त्याची जोडमाहितीही निघते आणि नव्या अनाथ नोंदी तयार होत नाहीत. दोन्हींपैकी निवड करायची झाली तर मी दुसरी पद्धत घेईन.

कोणत्याही बटणाआधी डेटाबेसचा पूर्ण बॅकअप घ्यावा आणि तो चाचणीच्या प्रतीवर एकदा उतरवून पाहावा, कारण यातील कोणतीही कृती उलटवण्याची सोय नाही. त्यानंतर आवृत्त्यांची रास पुन्हा वाढू नये यासाठी वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक लेखामागे दहा-पंधरा आवृत्त्यांची मर्यादा घालता येते. ही मर्यादा सगळ्या जुन्या लेखांना त्याच क्षणी लागू होत नाही. एखादा लेख पुढच्या वेळी बदलून जतन केला की त्याच्या जास्तीच्या आवृत्त्या तेव्हा हटवल्या जातात. ज्या लेखांना पुन्हा कोणी हात लावणार नाही, त्यांच्यासाठी सफाईचे प्लगिन एकदा चालवणे पुरते.