वायफाय फुल्ल, तरी नेट नाही? टाचणी उचलण्याआधी हे वाचा

आमच्या गोव्यातल्या म्हापशाच्या दुकानातून हॉटस्पॉट, म्हणजे सिम घालून वायफाय देणारी छोटी डबी, भाड्याने नेलेल्या मंडळींचे फोन बहुधा एकाच वाक्याने सुरू होतात: ‘वायफाय फुल्ल दाखवतंय, पण काही उघडत नाही. डबी खराब दिली तुम्ही.’ डबी सहसा ठीक असते. ती ठेवलेली जागा चुकलेली असते.

लॅपटॉपच्या कोपऱ्यातले वायफायचे चिन्ह फक्त लॅपटॉप आणि डबी यांच्यातली रेंज दाखवते. डबी उशाशी ठेवली तर ते भरलेलेच दिसणार. डबीला टॉवर किती मिळतो, हे तिच्याच स्क्रीनवर, डाव्या कोपऱ्यातल्या दांड्यांत दिसते. तिथे एकच दांडी असेल तर लॅपटॉपकडे बघून काहीच कळणार नाही.

आता घर बघा. आसगाव-शिवोलीकडची जुनी चिऱ्याची घरे राहायला थंडगार. पण त्या जाड भिंतींतून टॉवरची रेंज अर्धमेली होऊन आत येते, आणि पावसात भिंती ओल्या झाल्या की आणखीच. मांद्रे, अगोंदच्या कॉटेजना वर पत्रा असतो, तो वरून येणारी रेंज अडवतो. सगळ्यात फसवी असते ती खिडकीला ठोकलेली अॅल्युमिनियमची डासांची जाळी. उजेड येतो, वारा येतो, रेंज मात्र बाहेरच राहते. नायलॉनच्या जाळीचा असा त्रास नाही.

म्हणून डबी टॉवरच्या बाजूला ठेवायची आणि आपण टेबलापाशी बसायचे. स्वतंत्र डबी घेण्याचा खरा फायदा हाच आहे. फोनचा हॉटस्पॉट असा खिडकीत सोडून कोणी आतल्या खोलीत बसत नाही. दोन दिवसांसाठी आला असाल आणि दिवसाला एखादीच मीटिंग असेल तर फोनवर भागेल, उगाच भाडे भरू नका.

जागा अंदाजाने शोधू नका. लॅपटॉप डबीच्या वायफायला जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका आणि डबीच्या पाठीवर आम्ही चिकटवलेल्या पासवर्डने आत जा. ‘नेटवर्क’च्या पानावर आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद, दिसेल. हा आकडा नेहमी वजा असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. वजा ८५ म्हणजे उत्तम. वजा १०० पर्यंत व्हिडिओ कॉल निभतो. वजा ११० च्या खाली गेलात की ईमेलसुद्धा रडत उघडते. (वजा ११० हा वजा ८५ पेक्षा मोठा समजून नेमकी वाईट खिडकी निवडणारेही भेटतात.) डबी प्रत्येक खिडकीत आणि बल्कांवात (दारापुढच्या बाकांच्या ओसरीत) मिनिटभर ठेवून आकडा कागदावर लिहा. आकडा लगेच बदलत नाही, म्हणून घाई नको. चांगली जागा सापडली की लॅपटॉप सहा-सात मीटरच्या आत आणि मध्ये फार तर एक भिंत, इतके सांभाळा. मध्ये भिंत आली तर वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरे, पण भिंतीपुढे लवकर मान टाकते.

डबीवर दांड्या पूर्ण आणि आकडाही चांगला, तरी नेट रांगत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बागा-कळंगुट पट्ट्यात हे ठरलेले. तिथे खिडकी बदलून काही होत नाही, दुसऱ्या कंपनीचे सिम घालून बघावे लागते. म्हणून आम्ही एकाच कंपनीला लॉक केलेल्या डब्या ठेवत नाही. त्या बाजारात स्वस्त मिळतात, आमचे भाडे थोडे जास्त आहे, त्यातला फरक हाच.

आता टाचणी. डबीच्या बाजूला बारीक भोक आहे, ते रीसेटचे. नेट अडले की पुष्कळ जण यूट्यूबवर बघून त्यात टाचणी घालतात आणि दहा सेकंद दाबून धरतात. डबी कारखान्यातून आली तशी होते. तुमच्या सिमप्रमाणे आम्ही भरलेले एपीएन (कंपनीच्या नेटला जोडणारी सेटिंग) जाते, वायफायचे नाव-पासवर्ड बदलून बॅटरीखालच्या लेबलवर आहे ते होतात, रोमिंगही बंद होऊ शकते. मग लॅपटॉप जुना पासवर्ड देत राहतो, आणि आधी मंद असलेले नेट पूर्ण बंद. म्हापशाहून अगोंदला माणूस पाठवायचा तर आमचा अर्धा दिवस जातो, तुमची मीटिंग तर आधीच गेलेली असते. त्याऐवजी डबी बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा आणि दोन मिनिटे हात लावू नका. तरीही नाही झाले तर आरएसआरपीचा आकडा घेऊन आम्हाला फोन करा; बहुतेक वेळा फोनवरच निभते.

सिम तुमच्याच नावाचे लागेल. ‘सिमसकट द्या ना’ असे रोज कोणीतरी म्हणते. आमच्या नावावरचे सिम अनोळखी हातात दिले तर त्यावरून जे होईल त्याचे उत्तर आम्हाला द्यावे लागते, शिवाय एका माणसाच्या नावावर देशात बहुतेक ठिकाणी नऊच कनेक्शन चालतात. बँकेला जोडलेले सिम मात्र घालू नका. कॉल येणार नाही, आणि ओटीपी वाचायला दर वेळी डबीच्या पानावर जाऊन मेसेज उघडावे लागतील. सिम बेंगळुरू-दिल्लीकडचे असेल तर ‘डेटा रोमिंग’ चालू आहे ना, ते बघा. पुण्याच्या सिमला ही अडचण नाही, महाराष्ट्र आणि गोवा मोबाइल कंपन्यांच्या एकाच सर्कलमध्ये (विभागात) येतात. छोट्या सिमचे रिकामे अॅडॉप्टर खाचेत सरकवू नका, आतल्या पिना वाकतात. तो खर्च अनामतीतून कापतो.

प्लॅनचा एक घोळ. फोनवर ‘अनलिमिटेड फाइव्ह-जी’ दिसणारे सिम आमच्या फोर-जी डबीत घातले की रोजचे दीड-दोन जीबीच उरतात, आणि ते संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो. व्हिडिओ मीटिंग तासाला साधारण एक जीबी खाते, तेव्हा जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोटा संपतो. विंडोजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ (डेटा जपून वापरायची सेटिंग) चालू करा, नाहीतर त्याचे अपडेट तुमच्या आधी जेवून मोकळे होतात. ऑफिसचे व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित मार्ग) जोडले जाते पण पाने अर्धी उघडतात, असे झाले तर डबीच्या पानावर एमटीयू (डेटाच्या एका तुकड्याचा कमाल आकार) १५०० चे १४०० करा.

चार्जिंग लॅपटॉपवरून नको. जुन्या यूएसबी पोर्टमधून अर्धा अँपिअरच मिळतो, तेवढ्यात डबी चालू असताना बॅटरी भरत नाही. सोबत दिलेला दोन अँपिअरचा चार्जर वापरा. खिडकीत ठेवा, पण उन्हात नको: तापली की वेग पडतो, आणि दुपारी बंद गाडीत राहिली की बॅटरी फुगते. फुगलेली दिसली तर बंद करून तशीच आणून द्या, दाबून बसवू नका. पावसाळ्यात बल्कांवातून रात्री आत घ्या.

चोर्ला घाटात किंवा पेडण्याहून मडुऱ्याकडे जाताना रेल्वेच्या बोगद्यात मीटिंग ठेवू नका. तिथे कोणाचीच डबी चालत नाही.

डबी, चार्जर, केबल आणि पाऊच परत करताना सिम काढून घ्या. विसरलेली सिमे आम्ही पाकिटात नाव घालून महिनाभर ठेवतो. गणेश चवथीला दोन दिवस दुकान बंद असते. त्या आठवड्यात लागणार असेल तर आधी सांगून ठेवा. दोन कंपन्यांची सिमे एकत्र चालणाऱ्या डब्याही आमच्याकडे आहेत, पण थोडक्याच.