टूथपेस्ट आणि पिवळे पडलेले हेडलाइट

'पिवळट हेडलाइटवर टूथपेस्ट चोळा, काच कायमची नव्यासारखी होईल' हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. चोळल्यावर फरक दिसतो हे खरंच, म्हणून तर लोकांचा विश्वास बसतो. तो फरक टिकत मात्र नाही.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या हेडलाइटवर काच नसतेच, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं, म्हणून कारखान्यातच त्यावर पातळ संरक्षक थर देतात. ऊन आणि धूळ खाऊन काही वर्षांत हा थर झिजतो. टूथपेस्टमधली बारीक पूड वरचा खराब पापुद्रा खरवडते, त्यामुळे चमक येते. पण झिजलेला थर ती परत देऊ शकत नाही. उरलासुरला असेल तोही घासला जातो. मग उघडं प्लास्टिक पुन्हा पिवळं पडतं.

पडताळायचं तर एकच हेडलाइट घासा, दुसरा तसाच ठेवा आणि दोघांचे फोटो काढून काही महिन्यांनी तुलना करा.

त्याआधी लेन्सवर, म्हणजे हेडलाइटच्या बाहेरच्या पारदर्शक आवरणावर, पाणी ओतून बघा. ओली असताना नितळ दिसली तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. तरीही धुरकट दिसली तर बहुधा ओलावा किंवा धूळ आत आहे, तिथे बाहेरून कितीही चोळा, व्यर्थ. लेन्स स्वच्छ असूनही उजेड मंद असेल तर बल्ब, रिफ्लेक्टर (बल्बमागचा उजेड पुढे फेकणारा चकचकीत भाग) आणि अर्थिंग (दिव्याच्या वायरची गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी) तपासून घ्या.

टिकाऊ काम म्हणजे वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायच्या बारीक पॉलिश पेपरने) ओलं घासणं, पॉलिश आणि त्यावर यूव्ही कोटिंग, म्हणजे अतिनील किरणं रोखणारा नवा थर. गॅरेजमध्ये दर विचारताना कोटिंग त्यात धरलंय का, हे आधी विचारा.